हाक एकदाच आली

अल-अताया, करकना बेट
१७ ऑक्टोबर १९७४

चि. तिजानी यास लल्ला मन्नूबियाचे अनेक आशीर्वाद आणि सलाम.

पत्र सल्लूहाच्या हातून लिहवून घेतेय, हे अक्षरावरून तुला कळलंच असेल. मी तिला बजावलंय, मी बोलेन तसं लिही, शाळेतल्या पोरांच्या वह्या सुधारतेस तसं मला सुधारू नकोस. त्यावर ती हसली. माझा मुलगा महरेज गेल्यापासून पोरगी पहिल्यांदा हसली, म्हणून हेही लिहायला लावलं. लग्न झालं असतं तर आत्ता ती माझ्याच स्वयंपाकघरात हसत असती.

मासे धरायची आपली शर्फिया उभी राहिली. मला वाटलं होतं, यंदा आपल्या वाट्याचा समुद्र उघडाच राहणार, कारण झावळ्या रोवायला घरात पुरुष नाही. पण सल्लूहाचे वडील सी अमोर गल्लीतली माणसं घेऊन ओहोटीच्या पाण्यात उतरले आणि कुंपण पुरं करूनच वर आले. मजुरीचं नाव काढलं तर अमोर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, महरेजने केलेली एक तरी वस्तू ज्याच्या घरात नाही असा माणूस दाखव आणि त्याला मजुरी दे. मग मी मुकाट्याने जवाचा कुसकुस शिजवला. खोटं नाही बोलले ते. आंधळे सी फराज अजून त्याने भिंतीला बांधलेला दोर धरून मशिदीत जातात, वळणावर शिंपला हाताला लागला की वळतात. माझे गुडघे दुखतात म्हणून त्याने केलेली कपड्यांची दोरी मी उंबऱ्यात बसून ओढते. कोंबड्यांचं आपोआप उघडणारं दार मात्र अजून कोंबड्या बाहेर असल्या की लागतं आणि आत असल्या की उघडतं. सगळंच कुठे जमतं माणसाला.

धुक्याचे दिवस जवळ आले म्हणून त्याची मडकीही पुन्हा पाण्यातल्या खांबांवर चढवली. तू त्याला हसला होतास, आठवतं? ऑक्टोपस धरायची फुटकी मडकी, पालथी बांधलेली, बुडाला भोक आणि भोकात बोरूची पिपाणी. भरतीचं पाणी आत चढलं की हवा पिपाणीतून बाहेर येते आणि मडकं हाक मारतं. पहिल्या वर्षी त्याने खांबावर एकेकच मडकं बांधलं, तर धुक्यात वाट चुकलेल्या एकानेही तिकडे पाऊल टाकलं नाही. टाकतीलच कसे? समुद्र एकदा हाक मारतो, माणूस दोनदा मारतो, आणि एका हाकेला ओ द्यायची नाही, हे आपल्याला आईने दुधाबरोबर पाजलंय. मग पठ्ठ्याने डोकं खाजवलं आणि प्रत्येक खांबावर दोन मडकी बांधली, एक पुढे, एक जरा मागे. लाट आधी एकात शिरते, मग दुसऱ्यात. त्याच हिवाळ्यात सी अमोर त्या जोडहाकेच्या मागे चालत जिवंत घरी आले.

आता कामाचं. त्यातलं एक मडकं लंगडं झालेलं दिसतं. परवा दुपारी मी अंगणात ऑक्टोपस वाळत घालत होते आणि हाक आली. एकच. मी दुसरीची वाट बघत उभी राहिले, ती आलीच नाही. आणि वेळ ओहोटीची होती. पाणी मडक्यांच्या कितीतरी खाली असताना ते वाजलं कसं? तुझा सगळा जन्म यंत्रांत गेला, तुला कळेल. कळव.

माया कमी करू नकोस. जास्त झाली तर पाठवून दे, इथे ठेवायला जागा आहे.

तुझी
लल्ला मन्नूबिया

ता. क. मामा, हे माझ्या मनाने लिहितेय. त्या दुपारी मीही अंगणात होते. मला काही ऐकू आलं नाही. — सल्लूहा


स्फाक्स
२९ ऑक्टोबर १९७४

ती. लल्ला यांस धाकट्या भावाचा, तिजानीचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गिरणीतल्या घाण्याखाली आडवा होतो. तेलकट हातांनीच वाचलं, त्यामुळे आता तुझ्या पत्राची भाजी करता येईल. ऑलिव्ह यायला लागले आहेत. एकदा घाणा फिरायला लागला की मला इथून हलता येणार नाही हे तुला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो, मडकं दुरुस्त करायला मी येऊ शकत नाही. पण काय झालंय ते इथे बसून सांगू शकतो.

ऑक्टोपस, लल्ला. आपण त्याला धरायला जे मडकं ठेवतो ते महरेजने खांबावर टांगलं, म्हणून ऑक्टोपसला काय कळणार? जागा रिकामी दिसली, बिऱ्हाड केलं. एका मडक्यात पाहुणा बसला की ते मुकं आणि दुसरं तेवढं वाजणार. ओहोटीला वाजलं असेल तर वाऱ्याने. ओहोटीला जाऊन हात घालून बघ. पाहुणा सापडला तर त्याला वाळव आणि अर्धा मला पाठव.

हसून लिहितोय खरा, पण त्याचं नाव लिहायच्या आधी हात पुसून घेतले. त्याला जुन्या बेअरिंगा देत होतो तेव्हा बायको म्हणायची, भंगार देऊन पोराला बिघडवताय. पोरगा इथे आला की माझ्याशी दोन शब्द बोलायचा आणि हमालांत जाऊन बसायचा. पोती वाहणाऱ्या म्हाताऱ्याला वाटेत टेकता यावं म्हणून त्याने भिंतीत फळी ठोकली, ती आजही आहे. पोटातलं दुखणं ते काय, इथल्या दवाखान्यात रोज बरं करतात. पण वारा पडेपर्यंत फेरीबोट सुटली नाही, आणि वारा पडला तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं. त्या वाऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

थंडी सुरू झाली की तू इकडे राहायला ये. कोंबड्यांसकट ये. एकटीने त्या घरात हिवाळा काढू नकोस.

धाकटा आहे, हट्ट करायचा हक्क राहू दे.

तुझा
तिजानी


अल-अताया
१४ नोव्हेंबर १९७४

चि. तिजानी यास आशीर्वाद आणि सलाम.

पाहुणा नाही. तुझा अर्धा वाटा बुडाला.

मी आणि सल्लूहा ओहोटीला गाढव घेऊन गेलो. आपल्याकडची ओहोटी तू शहरात राहून विसरला असशील, चालत राहा, चालत राहा, पाणी गुडघ्याला लागत नाही. प्रत्येक खांबाशी थांबलो. प्रत्येक मडक्यात हात घातला. स्वच्छ. पिपाण्याही जागच्या जागी. मी तोंड लावून एकेक फुंकली, सल्लूहा म्हणाली, लल्ला, तुम्ही लग्नातल्या वाजंत्रीवाल्यासारख्या दिसताय. दोन्ही मडकी नीट वाजली. वारा म्हणशील तर झावळीचं पातं हलत नव्हतं.

परत फिरलो आणि मागून हाक आली. एकच. खांबांवरून नाही, तिजानी. खांब आम्ही नुकतेच ओलांडले होते, अगदी पाठीशी होते. हाक त्यांच्या पलीकडून, कुंपणाच्याही पलीकडून आली, जिथे कुणाचा वाटा नाही तिथून. गाढव थांबलं. कान मागे करून उभं राहिलं ते ओढलं तरी हलेना. सल्लूहाने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठला. आता तिनेही ऐकलंय, विचार तिला.

गावात कुणकुण आहे. माणसं जाळी बघायला जोडीने जातात, धुकं दिसलं की माघारी येतात. सी अमोर म्हणतात, एकदा येणारी हाक कुणाची ते लहान पोरही सांगेल. मला ते पटत नाही. नियम मलाही माहीत आहे, माझ्याच पोराने तो मडक्यांत बांधला. पण मी शुक्रवारी त्याच्या कबरीवरच्या खळगीत पक्ष्यांसाठी पाणी घालत बसले होते, तेव्हा मनात आलं, मेलेल्या माणसात किती जोर असणार? कदाचित त्याला एकदाच जमत असेल. दुसऱ्यांदा हाक मारायचं बळच नसेल. आणि आपण सगळे शहाणे, दुसरीची वाट बघत कानात बोळे घालून बसलोय. बाकीच्यांनी नियम पाळावा. आईने पाळायचा का?

तू रागावशील. रागाव. पण पत्र लिही.

तुझी
लल्ला मन्नूबिया

ता. क. मामा, मी ऐकलं. खोटं कसं लिहू? पण मला ज्याची भीती वाटते ते वेगळंच आहे. लल्ला आता एकट्या जातात. मी शाळेत असते तेव्हा. काल परत आल्या तर कमरेपर्यंत भिजल्या होत्या, म्हणजे कुंपणाच्या पुढे गेल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, शिंपल्या वेचत होते. टोपली रिकामी होती. — स.


स्फाक्स
२४ नोव्हेंबर १९७४

ती. लल्ला यांस सलाम वि. वि.

आज थट्टा नाही.

तुला काय ऐकू येतं याचा मी वाद घालत नाही. मी तिथे नाही. पण तू कुठे पाय टाकतेस ते मला माहीत आहे. कुंपणापलीकडे तळ एकदम खाली जातो आणि पाणी वळलं की माणसाच्या चालीपेक्षा जोरात येतं. महरेज हे सगळ्या गावापेक्षा जास्त जाणत होता. त्याने ती मडकी माणसं परत आणायला बांधली, लल्ला. त्याच्या मडक्यांच्या मागे समुद्रात जाणारी पहिली तू.

मी सी अमोर यांना निरोप पाठवला आहे की मडकी उतरवून ठेवा. वाजायला काही राहिलं नाही की ऐकायलाही राहणार नाही. तू मला शिव्या देशील. दे. मला एक भाचा होता, तो गेला. बहीण एकच आहे.

माझ्यावर रुसलीस तरी घरात रुस, पाण्यात नको.

तुझा
तिजानी


अल-अताया
१२ डिसेंबर १९७४

चि. तिजानी यास आशीर्वाद आणि सलाम.

मडकी उतरली. सी अमोर माझ्याकडे न बघता उतरवत होते आणि मी त्यांच्याकडे न बघता भाकरी थापत होते. सगळी अंगणात अंजिराखाली पालथी ठेवली आहेत, कोंबड्या त्यांवर बसतात. आठवडाभर मी अमोरशी बोलले नाही. मग त्यांनी माशांची टोपली दाराशी ठेवली, मी तेलाची बाटली त्यांच्या दाराशी ठेवली, झालं.

तुझ्यावर राग नाही. खरंच नाही. उलट तू बरंच केलंस. मडकी आहेत तोवर मलाही शंका होती, त्यांचाच खेळ असेल म्हणून. आता मडकी अंजिराखाली आहेत आणि हाक येतेच आहे. रोज नाही. ओहोटीला, उन्हात सुद्धा, आणि धुकं असलं की जास्त जवळून. पूर्वी मी दचकायचे. आता हातातलं काम ठेवून ऐकते.

तू गिरणी सोडून येऊ नकोस. हंगाम आहे, तुझ्या मालकाला तोंड कशाला द्यायचं. माझं सगळं ठीक आहे. घर धुऊन घेतलं. हिवाळ्यासाठी भाजल्या धान्याचा बसीसा दळून डबे भरले, त्यातला एक तुझ्या नावाचा वेगळा ठेवलाय. कोंबड्या सल्लूहाकडे दिल्या, ती नको म्हणत होती. ऑक्टोपस यंदा चांगला वाळलाय. गाढव अमोरकडे बांधलंय, त्याला माझ्याबरोबर पाण्यात यायला आवडत नाही.

मुलांना माझे पापे. तू लहान असताना माझ्या कमरेवर बसून अख्खं गाव फिरलायस, ते विसरू नकोस.

तुझी
लल्ला मन्नूबिया

ता. क. मामा, हे पत्र सांगताना त्या हसत होत्या. मी प्रत्येक ओळ लिहिली आणि प्रत्येक ओळीला मला थंडी वाजली. गिरणी बंद पडली तरी चालेल, पण या. — स.


अल-अताया
९ जानेवारी १९७५

चि. तिजानी यास आशीर्वाद आणि सलाम.

तार पोचली. तुझी फेरीबोट धुक्यात पलीकडेच अडकून राहिली हेही कळलं. अडकली ते एका परीने बरं, नाहीतर तू येऊन आधी मला झोडपलं असतंस. आता सगळं झाल्यावर झोडप, पण आधी ऐकून घे. सल्लूहाला सांगितलंय, एक शब्द गाळू नकोस.

मी गेले होते. दुपारची ओहोटी होती आणि धुकं असं की स्वतःचे पाय दिसेनात. किनाऱ्यावर एकही माणूस नव्हतं. हाक आली आणि मी चालायला लागले. मला भीती वाटली नाही. खोटं कशाला, मला आनंद झाला होता. सणाला माहेरी निघाल्यासारखी मी चालत होते. कुंपण लागलं, झावळ्या हाताला लागल्या, त्यांच्या कडेकडेने पुढे गेले. पाणी कमरेला आलं. हाक पुन्हा आली, आधीपेक्षा जवळून. मी म्हटलं, आले रे बाळा, आले. पाणी छातीला लागलं तेव्हा ध्यानात आलं की ते वळलंय. तरी मी उभीच. पुढे एक पाऊल टाकायचं होतं, तेवढंच.

तेवढ्यात मागून सल्लूहाने हाक मारली, ‘लल्ला!’ मी वळले नाही. एक हाक पुढे होती, एक मागे, मी कुणाची ऐकायची? जी पहिली ओढत होती तिचीच ऐकणार होते. मग तिने दुसऱ्यांदा मारली. दुसऱ्यांदा ती ‘लल्ला’ म्हणाली नाही. ‘उम्मी’ म्हणाली. पोरीचा घसा बसला होता, सर्दी झाल्यासारखा घोगरा आवाज. पण तिजानी, महरेज गेल्यापासून मला आई म्हणून कुणी उम्मी म्हटलं नव्हतं. माझं अंग आपोआप वळलं. आई हाकेला वळते तशी वळले, विचार करून नाही.

आणि वळल्यावर कळलं. पुढून जे बोलावत होतं त्याने इतक्या दिवसांत एकदाही मला काही म्हटलं नव्हतं. लल्ला नाही, उम्मी नाही, मन्नूबिया नाही. नुसती हाक. माझा पोरगा मला नाव न घेता बोलावेल? मग ते कोण होतं, आणि मी कुणाला बाळा म्हणाले? तिथे पाण्यात मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि अशी वाटली की मी कशी चालले मला आठवत नाही. पाणी मागून ढकलत होतं. किनाऱ्याला सल्लूहा उभी होती, तिच्या अंगावर कोसळले.

आता जात नाही. तारेतून शपथ घातलीयस ती पाळेन. त्या दिवसापासून हाकही नाही. कोंबड्या परत आणल्या. आणि मी सल्लूहाला सांगून टाकलंय, लल्ला-बिल्ला पुरे, एकदा उम्मी म्हणालीस ना, आता कायम म्हणायचं. तिचं उद्या कुठेही लग्न होवो, ते ठरवायला मीच पुढे असेन, पण म्हणायचं उम्मीच. ती लाजून खाली बघून लिहितेय.

ऑलिव्ह संपले की ये. तुझा डबा तसाच आहे, पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणार नाही, बसीसा खवट होतो.

तुझी, अजून या जगातली
लल्ला मन्नूबिया


अल-अताया
१० जानेवारी १९७५

ती. तिजानीमामा यांस सल्लूहाचा सलाम वि. वि.

कालच्या पत्राखाली मी काही लिहिलं नाही, कारण त्या शेजारीच बसल्या होत्या आणि पाकीटही त्यांनीच चिकटवलं. म्हणून हे वेगळं पत्र. हे तुमच्यापाशीच राहावं.

मामा, मी एकदाच हाक मारली.

शाळा धुक्यामुळे लवकर सुटली. त्यांच्या घरी गेले तर दार उघडं, चूल विझलेली. मी किनाऱ्यावर धावले. बाबा आणि बाकीची माणसं गावाच्या पलीकडच्या अंगाला होड्या बांधायला गेली होती, मी एकटी होते. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मी जीव खाऊन ‘लल्ला’ म्हणून ओरडले. दुसऱ्यांदा मारायचीच होती, एका हाकेला त्या वळणार नाहीत हे मला माहीत होतं. पण घसा मिटला. तोंड उघडं आणि आवाज नाही. मी गळा दाबून बघितला, छातीवर मारून बघितलं, काही केल्या आवाज फुटेना. त्या तिकडे बुडणार आणि माझ्या एका हाकेवाचून बुडणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा माझ्या डाव्या खांद्याशी कुणीतरी ‘उम्मी’ म्हटलं.

मोठ्याने नाही. घरातल्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून म्हणावं तसं. एवढा आवाज दोन घरांपलीकडे गेला नसता, तो कुंपणापलीकडे कसा गेला मला सांगता येत नाही. तो आवाज कुणाचा हे तुम्हाला सांगायला नकोच. शेवटच्या दिवसांत दुखण्याने त्याचा घसा असाच घोगरा झाला होता. मी वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं की नको होतं, रोज दोन्ही वाटतं. मग धुक्यातून पाण्याचा आवाज जवळ येत गेला आणि लल्ला बाहेर आल्या. मी बाजूला बघितलं तेव्हा वाळू कोरडी होती आणि तिच्यावर फक्त माझ्या पावलांचे ठसे होते.

काल त्यांनी ते सगळं मला सांगून लिहवलं. ‘उम्मी’ या शब्दापाशी मी हात थांबू दिला नाही. त्यांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तो किनाऱ्यावर येऊन उभा राहतो हे कळलं, तर त्या धुक्यात जाऊन बसतील, आणि समुद्रातलं जे गप्प झालंय ते पुन्हा बोलायला लागेल. म्हणून मी त्यांना उम्मी म्हणते. सकाळी दारातून म्हणते, संध्याकाळी निघताना म्हणते. जरा घसा घोगरा करून म्हणते, म्हणजे त्यांना शंका येणार नाही. त्या इतक्या खूश होतात की मला मान वर करवत नाही.

एकच गोष्ट माझ्याच्याने गिळवत नाही, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. या हंगामानंतर आमचं लग्न होतं. तो माझ्या इतक्या जवळ उभा होता मामा, की हात मागे केला असता तर लागला असता. त्याने आईला हाक मारली. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

त्याच्या वाट्याची माया मला द्या असं म्हणत नाही. माझ्या स्वतःच्या नावाची थोडी असू द्या.

तुमची
सल्लूहा